जोनची विजार

क्लेमां गोदिशो मार्च महिन्यात गेला आणि त्याच्या दफनाच्या दिवशी आमच्या मोक्रे गावाची पार तारांबळ उडाली. ज्याच्याकडून उभा जन्म गाड्या दुरुस्त करून घेतल्या, तो ‘गेला’ म्हणायचं की ‘गेली’, हेच कुणाला ठरवता येईना. मग सगळे आपले "फार वाईट झालं" म्हणत होते, "आता गॅरेज बंद पडणार" म्हणत होते आणि टोप्या हातात फिरवत होते. या कामात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. तो जिवंत असतानाही ते असंच बोलायचे. "गाडी झाली का?" "उद्या गॅरेज उघडं असणार का?" समोरच्या माणसाला काही म्हणावंच लागू नये, अशी वाक्यं त्यांनी घोटून घोटून तयार केली होती.

मी त्याला तो म्हणते. त्यानं मला तसं सांगितलं होतं आणि मला ऐकू येतं.

माणूस म्हणाल तर साधा. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, बोलण्यात कंजूष. कोंबड्या पाळायचा आणि दिवसभर त्यांना शिव्या घालायचा. पेअरची दारू अशी काढायचा की दोन पेल्यांत घोडा आडवा व्हावा. माझ्या शिवणयंत्राचा पट्टा तुटला की न बोलावता यायचा, दुरुस्त करायचा आणि चहा न घेताच निघून जायचा. मे महिन्यात जोनच्या उत्सवाच्या दिवशी मात्र त्याच्या गॅरेजचं शटर खाली असायचं. गावात नव्यानं घरं घेतलेले पॅरिसवाले मला विचारतात, "फिर्मीनबाई, हा माणूस उत्सवाला का येत नसे?" जुने लोक विचारत नाहीत. ते त्या संध्याकाळी तिथे होते.

संत जोनला रुआं शहरात जाळलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. चिलखत घालून लढली, राजाला मुकुट मिळवून दिला आणि शेवटी पुरुषाचे कपडे पुन्हा अंगावर चढवले या गुन्ह्यासाठी चितेवर गेली. पण आमच्या गावाला एवढ्यावर थांबता येत नाही. मोक्रे सेन नदीच्या काठी, रुआंच्या वरच्या अंगाला, आणि आमचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचा. त्या चितेचं लाकूड आमच्या होड्यांतून गेलं, असं आसपासची गावं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण बाजारात कोबी विकायला बसलं की शेजारगावची बाई अजून टोमणा मारते, "मोक्रेवाले ना तुम्ही? संतिणीला जाळायलाही लाकूड विकलंत. तुम्ही मला कोबी स्वस्त देणार होय!"

तो डाग धुवायला आमचा उत्सव. दरवर्षी गावातली एक मुलगी जोन होते. सकाळी नगरपालिकेच्या पायरीवर महापौर तिला तीनदा विचारतात, "जोन, सज्ज झालीस?" आणि तिनं तीनदा म्हणायचं, "मी सज्ज झाले." मग घोड्यावरून गावभर मिरवणूक. संध्याकाळी ती चर्चला लागून असलेल्या फादरांच्या कपड्यांच्या खोलीत जाते, चिलखत उतरवते आणि पांढरा झगा घालून बाहेर येते. याला आम्ही ‘परतणं’ म्हणतो. त्या वेळी घरटी एक माणूस सरपणाचं लाकूड हातात घेऊन समोरच्या धक्क्यावर उभा असतो. पांढरा झगा दिसला की सगळी लाकडं धबाधब नदीत. म्हणजे जोनला सांगायचं, बघ बाई, या खेपेला आम्ही लाकूड दिलं नाही. मग सफरचंदाची सायडर, सॉसेज आणि नाच.

लहानपणी मला यात एक गोष्ट खुपायची. झगा दिसला तर लाकूड नदीत, ठीक. झगा दिसलाच नाही तर? एकदा हे मी आईला विचारलं, तर तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

मी सांगतेय ते अल्जीरियाच्या लढाईचं वर्ष. गावातली दोन पोरं शवपेटीतून परत आली होती आणि लोक उगीचच एकमेकांवर डाफरायचे. त्या वर्षी जोन म्हणून नालबंद गोदिशोची क्लेमांस निवडली गेली. सतरा वर्षांची, आईविना वाढलेली, बापाच्या भट्टीवर घोड्यांना नाल ठोकायला मदत करणारी. घोड्यावर नीट बसू शकणारी गावात तेवढी एकच पोर उरली होती, म्हणून उत्सव समितीच्या मादाम एस्तुर्नेलनी नाक मुरडत का होईना, होकार दिला. मादाम म्हणजे नोटरीची विधवा. गावात काय शोभतं आणि काय शोभत नाही, हे त्याच ठरवायच्या.

तोपर्यंत आमची जोन चिलखताखाली घोट्यापर्यंत झगा घालायची. चर्चमधल्या पुतळ्याला तसाच आहे ना! तो सावरत बिचारी घोड्यावर एका अंगाला लटकायची. फ्रान्स सोडवायला निघालेली पोर अशी दिसायची, जणू आत्याकडे जेवायला चाललीय.

क्लेमांस माप द्यायला माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "झगा नको, फिर्मीन. खरी जोन जे घालायची ते शिवा."

"म्हणजे काय?"

"विजार. नाड्यांनी बंडीला बांधलेली. घट्ट."

"आणि मादाम माझी सालं काढतील त्याचं काय?"

"चिलखताखाली कोण बघतंय?"

मी तेव्हा नुकतीच रुआंहून शिवणकाम शिकून आले होते आणि पडद्यांना झालरी लावून लावून माझे हात गंजले होते. मलाच मोह पडला. करड्या लोकरीची बंडी कापली. खांद्यांना कापूस भरला, छाती सपाट धरली, कंबर आवळली, आणि खालच्या काठाला चहूकडे नाड्या ओवून त्यांना विजार बांधली. अशी चीज मी त्याआधी शिवली नव्हती आणि नंतरही नाही. घालून झाल्यावर आरशासमोर उभं केलं, तर त्या पोरीची सगळी ठेवणच बदलली. पोक गेलं. हातांना कुठे जायचं ते कळलं. इतर माणसं कपड्यांत शिरतात. ही कपड्यांतून बाहेर आली.

"मी सज्ज झालो," ती हळूच म्हणाली.

"झाले," मी तोंडात टाचण्या धरून म्हटलं. "पायरीवर अशी चुकलीस तर मादामना फीट येईल."

"झालो." आरशातून माझ्याकडे बघत पुन्हा तेच. "फिर्मीन, माझं नाव क्लेमां. शेवटचा स लोकांनी चिकटवलाय. तो मला नकोय."

मी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या.

"बाबांना माहीत आहे?"

"बाबा फक्त घोड्यांशी बोलतात."

"मग पायरीवर काय म्हणायचं ठरलंय?" मी विचारलं. बघा, वळसा घालणारं ते वाक्य माझ्याही तोंडातून आलंच.

"खरं तेच म्हणणार."

"आणि परतताना?"

"झगा घालणार नाही. भट्टीवर घालतो ती विजार आणि सदरा बोचक्यात बांधून नेणार. चिलखत त्यांचं त्यांना देईन. मग माझ्या कपड्यांत, सगळ्यांसमोरून, घरी चालत जाईन. एवढंच हवंय मला. एकदाच."

"हातात लाकडं घेऊन उभे असतात रे ते," मी म्हणाले.

मी ‘रे’ म्हटलेलं त्याला ऐकू आलं. तो हसला.

उत्सवाच्या सकाळी पायरीवर महापौरांनी विचारलं, "जोन, सज्ज झालीस?"

"मी सज्ज झालो."

लोक खदखदून हसले. "घाबरली पोरगी!" खाटीक ओरडला. "अगं, घोडा खाली आहे, तू वर बसायचंस!"

महापौरांनी खाकरून पुन्हा विचारलं. पुन्हा "झालो." या वेळी हसू कमी झालं. तिसऱ्यांदा विचारताना महापौरांचा आवाज इतका खाली आला की विनवणीच वाटावी. "झालो," क्लेमां मोठ्यानं म्हणाला, आणि चौकात अशी शांतता पसरली की वाजवायचं की नाही हे बँडवाल्यांना कळेना. पहिल्या रांगेत त्याचे बाबा होते. त्यांनी टोपी डोक्यावर दाबली आणि गर्दीतून वाट काढत ते भट्टीकडे निघून गेले.

मिरवणूक निघाली. नाडी तुटली तर बांधायला म्हणून मी घोड्यामागून चालत होते, त्यामुळे मला सगळं दिसलं आणि सगळं ऐकू आलं. पाकळ्यांच्या टोपल्या भरलेल्याच राहिल्या. चिलखत मांड्यांपर्यंत येत नाही, तिथे करडी विजार दिसायची, आणि बायकांची नजर तिथे जाऊन खिळायची. एकीनं आपल्या मुलीचे डोळे झाकले. आमचा घोडा पुढे सरकला की मागे खिडक्यांची दारं लागत होती, एकामागून एक. क्लेमां मात्र दोन्ही बाजूंना पाय टाकून ताठ बसला होता.

"आई नाही ना. हे होणारच होतं."

"डॉक्टरला दाखवा म्हणावं."

"पूर्वी यावर इलाज होता," एक म्हातारा सहज बोलल्यासारखा बोलला. कुणी हसलं नाही. कुणी त्याला गप्पही केलं नाही.

संध्याकाळी क्लेमां बोचकं घेऊन कपड्यांच्या खोलीत शिरला. मला मादामनी दारातच अडवलं. "तू थांब बाहेर. तिचं मी बघते." थोड्या वेळानं, त्यानं अंगावरचं उतरवून ठेवताच, त्या बाहेर आल्या, त्या एका काखेत बंडी-विजार आणि दुसऱ्या काखेत ते बोचकं घेऊनच. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"आत आता फक्त झगा आहे," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांत येईल बाहेर."

"मादाम, ते बोचकं त्याचं आहे. द्या इकडे."

"तिचं," मादाम म्हणाल्या. "आणि मी तिचं भलंच करतेय, फिर्मीन. आज झगा घातला की उद्या सगळे विसरून जातील. तुला या गावात शिवणकाम करायचंय ना अजून?"

मी बोचक्याला हात घातला आणि ओढलं. गावचा शिपाई मध्ये आला आणि त्यानं माझं मनगट असं पिरगाळलं की आठवडाभर कात्री धरवली नाही. तुरुंगात जोनचे बायकी कपडे काढून घेऊन फक्त पुरुषी कपडे ठेवले होते असं म्हणतात, म्हणजे तिनं ते घालावेत आणि मरावं. मादामना ती गोष्ट माझ्याइतकीच पाठ होती. त्यांनी तीच उलटी करून वापरली आणि त्याला भलं म्हणाल्या.

दाराशेजारी हातभर रुंदीची गजांची खिडकी आहे. मी तिथे तोंड लावलं. "क्लेमां?"

"सगळं नेलं त्यांनी, फिर्मीन. अंगावर काही नाही माझ्या."

"झगा..."

"नाही." मग अगदी लहान पोराच्या आवाजात, "थंडी वाजतेय."

मी भट्टीकडे धावले. भट्टी विझलेली होती आणि गोदिशोबाबा थंड लोखंडावर हातोडा घालत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"माझ्या पोरीनं गावासमोर माझं हसं केलं," ते मान वर न करता म्हणाले.

"आता कुणी हसत नाहीये, बाबा. म्हणून तर आलेय."

हातोडा थांबला नाही. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले आणि उलट पावली पळाले.

परत येऊन बघते तो दार अर्धं झाकलेलं.

एरवी लोक लाकूड घेऊन दहाएक मिनिटं उभे राहतात. त्या दिवशी झगा येईना आणि हात भरून आले. आधी एका म्हातारीनं आपलं लाकूड दाराला टेकवून ठेवलं. मग खाटकानं ठेवलं. मागच्यांनी "पुढे द्या, पुढे द्या" म्हणत आपापली लाकडं पुढे सरकवली. आणि आमची ही सगळी पिढीजात लाकूडवाली माणसं. लाकूड वाकडंतिकडं टाकणं त्यांच्या हातांना जमतच नाही. त्यांनी ते सवयीनं नीट रचलं. एक थर आडवा, एक उभा, मध्ये हवेला जागा. ओक, सफरचंद, बीच, असेल त्या झाडाचं. दाराची कडी झाकली गेली होती आणि रास माझ्या छातीपर्यंत आली होती.

"अहो, काय करताय?" मी किंचाळले. "काय रचलंय ते दिसत नाही का तुम्हाला?"

सगळ्यांनी बघितलं. तोवर त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. चेहरे पांढरे पडले. मादाम पर्स छातीशी धरून भिंतीला टेकल्या. फादर ओठ हलवत होते. पण लक्षात आल्यावरही एकानंही पुढे होऊन एक लाकूड काढलं नाही. हे मी त्यांना कधी माफ केलं नाही आणि करणारही नाही.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "झगा घाल म्हणावं." दुसऱ्यानं तेच म्हटलं. मग बायकाही म्हणू लागल्या. ओरडत नव्हते, प्रार्थनेला म्हणतात तसं एका सुरात, "झगा घाल, झगा घाल."

आणि मग तो सूर मागून पुढे एकदम विझत आला. गोदिशोबाबा आले होते. अंगात रविवारचा कोट, हातावर भट्टीची काजळी तशीच. ते राशीसमोर उभे राहिले आणि घोड्याचा सडलेला खूर तपासावा तशी त्यांनी ती खालपासून वरपर्यंत बघितली. मग वाकून एक लाकूड उचललं आणि बाजूला टाकलं. दुसरं उचललं. मी त्यांच्या बाजूला जाऊन उचलायला लागले. एवढ्या गर्दीत आम्ही दोघंच.

दार मोकळं झाल्यावर त्यांनी बूट काढले. कोट काढला, त्याच्या खिशातून पाईप तेवढा काढून तोंडात धरला. जाकीट काढलं, सदरा काढला, आणि शेवटी विजार. त्या गावासमोर, त्या चर्चसमोर, तो म्हातारा गुडघ्यांना ठिगळं लावलेल्या लोकरीच्या लांब चड्डीत उभा राहिला. एक जण फिस्सकन हसला आणि तिथेच गप्प झाला.

कपड्यांची घडी करून त्यांनी ती गजांतून आत सरकवली.

"क्लेमां," ते म्हणाले, आणि पुढचा स म्हणाले नाहीत. "घे, पोरा. पायचे दुमड, लांब होतील तुला."

मला रडू कोसळलं. ते काही लपवण्यासारखं नाही.

बाबांनी मागे न बघताच तळहात पसरला. मादामनी किल्ली त्यावर ठेवली. पर्समधून काढताना ती दोनदा खाली पडली. दार उघडलं. क्लेमां बाहेर आला तो बापाच्या कोटात बुडालेला, बाह्यांतून बोटं दिसत नव्हती आणि विजार एका मुठीत धरलेली. डोळे सुजले होते. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. पण मान खाली घातली नाही.

आता निघतील असं मला वाटलं. पण गोदिशोबाबा लोकांकडे वळले. त्यांनी सवयीनं खिसा चाचपला, तर हात नुसत्या चड्डीवरच आपटला. काडेपेटी कोटात राहिली होती. ते पाईप तोंडातून काढून म्हणाले,

"काडी आहे का कुणाकडे?"

त्या काळी मोक्रेमधला एकूण एक पुरुष ओढायचा. शिपायाच्या ओठांत विडी तशीच लोंबत होती. खाटकाच्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी होती, तो श्वास घेई तसतशी ती खुळखुळायची. पण खिशाकडे एकाचाही हात गेला नाही. बाबा वाट बघत राहिले. एकेका चेहऱ्याकडे, नावानिशी ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, शेवटपर्यंत बघत गेले.

"कुणाकडेच नाही?"

शिपायानं ओठांतली विडी काढून मुठीत लपवली.

"बरं तर," ते म्हणाले, आणि न पेटवलेला पाईप तोंडात धरून, मुलाची बाही पकडून, त्या सगळ्यांच्या मधून घरी चालत गेले.